मुदतीच्या तापाची मोजदाद

कोल्हापुरात दवाखान्याची पायरी चढणाऱ्या तापाच्या शंभर रुग्णांत टायफॉईडचे किती, हा प्रश्न ऐकायला अगदी बाळबोध आहे. विचारा कुणालाही. गल्लीतला फॅमिली डॉक्टर म्हणेल, पावसाळ्यात तर रांगच लागते. खासगी लॅबवाला रजिस्टर पुढं करील. त्यात 'विडाल पॉझिटिव्ह'च्या लाल खुणा पानोपानी. मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारलं, तर तिथला माणूस जरा थांबेल आणि उलट विचारील, "विडाल की कल्चर?" तिघंही खरं बोलतात, आणि तिघांचे आकडे एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत. पुढच्या पानांचा विषय हाच न जुळणारा हिशेब आहे. तो का जुळत नाही, हे आधी नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा कुठलाही तक्ता वाचण्यात अर्थ नाही, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी रोगाबद्दल थोडक्यात. टायफॉईड साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळं होतो आणि पॅराटायफॉईड त्याच्या भावकीतल्या पॅराटायफीमुळं. पॅराटायफीचे अ, ब आणि क असे प्रकार आहेत, पण आपल्याकडं भेटतो तो बहुतेक वेळा अ. दोन्ही मिळून आंत्रज्वर. टायफी माणसाशिवाय कुणात राहत नाही. म्हशीत नाही, उंदरात नाही, डासात तर नाहीच. म्हणजे एकाच्या पोटात टायफॉईड गेला, याचा सरळ अर्थ असा की दुसऱ्या कुणाची तरी विष्ठा पाण्यातून, बर्फातून, न धुतलेल्या हातातून त्याच्या तोंडापर्यंत पोचली. हे वाचायला बरं वाटत नाही, पण या रोगाची गोष्ट याहून सभ्य शब्दांत सांगता येत नाही. जिवाणू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. तोवर कुठं काय खाल्लं होतं ते माणूस विसरलेला असतो. रंकाळ्यावरच्या गाड्यावर संशय घेणारा रुग्ण बहुधा परवाच्या भेळेवर घेतो. खरा घोट त्याआधी दहा दिवस प्यालेला असतो.

औषध मिळालं नाही तर ताप तीन-चार आठवडे मुक्काम करतो. आपल्या आज्यांनी त्याला मुदतीचा ताप म्हटलं ते त्यामुळं. तिसऱ्या आठवड्याचं भय सगळ्यात मोठं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या लसिकापेशींच्या चकत्यांना व्रण पडतात, त्यातून रक्तस्राव होतो किंवा आतड्याला भोक पडतं. प्रतिजैविकं येण्याआधी शंभरातले दहा ते वीस रुग्ण दगावत. आज वेळेवर औषध मिळालं तर एखादा. हा फरक १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हाती आल्यापासूनचा. पण त्या औषधाकडं आपण नंतर येऊ.

कोल्हापूरच्या घराघरांत या रोगाची एक स्वतंत्र बोली आहे. "थोडा टायफॉईड निघालाय." "ताप पोटात गेलाय." "तीन वर्षांमागचा टायफॉईड अंगात मुरलाय, दर पावसाळ्यात उलटतोय." प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले जुने रिपोर्ट टेबलावर पसरले जातात, आणि दरसालच्या रिपोर्टात तीच ओळ, तेच आकडे. टायफॉईड उलटतो हे खोटं नाही. शंभरातल्या पाच-दहा रुग्णांना पुन्हा ताप येतो, पण तो बरं झाल्यावर काही आठवड्यांच्या आत. दर आषाढात ठरल्यासारखा उलटणारा टायफॉईड हा बहुतेक वेळा टायफॉईड नसतो. दर आषाढात केलेली ती विडाल असते.

विडालची तपासणी फर्नां विडाल या फ्रेंच डॉक्टरनं १८९६ साली मांडली, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्याच वर्षी. या जिवाणूचा शोध त्याआधीच लागला होता. एबर्टनं १८८० मध्ये तो पाहिला आणि गाफ्कीनं १८८४ मध्ये प्रयोगशाळेत वाढवला. विडालनं दाखवलं की रुग्णाच्या रक्तद्रवात हे जिवाणू मिसळले तर त्यांच्या गुठळ्या होतात, कारण शरीरानं त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात. तपासणी स्वस्त, सोपी, यंत्रावाचून होणारी. पण तिला दिसतात ती प्रतिपिंडं, जिवाणू नव्हे. प्रतिपिंडं पूर्वीच्या संसर्गामुळं असतील, लशीमुळं असतील, साल्मोनेलाच्याच दुसऱ्या भाऊबंदांमुळं असतील. डेंगी-मलेरियाच्या तापातही जुनी प्रतिपिंडं खवळून वर येतात. जिथं टायफॉईड कायमच वस्तीला आहे तिथं धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार सापडतातच. म्हणून पाठ्यपुस्तक सांगतं की एकदा रक्त घ्या, दहा-बारा दिवसांनी पुन्हा घ्या, आणि प्रमाण चौपट वाढलं तरच बोला. दुसऱ्यांदा रक्त द्यायला आलेला रुग्ण कोल्हापुरात किती जणांनी पाहिला असेल? पहिल्या आठवड्यात तर प्रतिपिंडं पुरती तयारही नसतात. तेव्हा खऱ्या टायफॉईडचा रुग्ण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी जातो आणि डेंगीचा रुग्ण टायफॉईडच्या गोळ्या घेऊन.

आता कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणूच बाटलीत वाढवून पाहणं. इथं थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळा हिशेब शेवटी या बाटलीपाशी येऊन थांबतो. मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागतं. सिस्टर हाताला स्पिरिट चोळते, सिरिंज भरत जाते आणि शेजारी उभी असलेली आई म्हणते, "एवढं? आधीच पोरगं सुकलंय." मग पाच मिलिलिटरवरच काम भागवलं जातं. टायफॉईडच्या रुग्णाच्या रक्तात जिवाणू मुळातच विरळ असतात, कित्येकदा एका मिलिलिटरमागं एखादाच. रक्त निम्मं घेतलं की सापडण्याची शक्यता तिथंच आटते. बाटली सदतीस अंशांच्या उबेत ठेवतात. वाढ दिसली की तिच्यातला थेंब मॅकॉन्की या माध्यमावर पसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीवर गुलाबी वसाहती दिसल्या तर तो ई. कोलायसारखा कुणी, फिकट, रंगहीन वसाहती दिसल्या की तंत्रज्ञाच्या भुवया वर जातात. मग तीन शर्करा आणि लोह असलेल्या तिरप्या माध्यमाची नळी. टायफी असेल तर नळीत वायूचा बुडबुडाही नाही, फक्त उताराच्या पायथ्याशी काळी बारीक रेघ, मिसरूड फुटावं तशी. पॅराटायफी अ असेल तर काळं जवळपास काहीच नाही, पण वायूमुळं माध्यमाला तडे गेलेले. शेवटी काचपट्टीवर विशिष्ट प्रतिद्रवाचा थेंब आणि गुठळ्या. या सगळ्याला तीन ते पाच दिवस. तोवर रुग्णाचा ताप कुठल्यातरी औषधानं उतरलेला असतो, डिस्चार्ज झालेला असतो, आणि रिपोर्ट न्यायला कुणी येत नाही.

हे सगळं बिनचूक केलं तरी रक्ताचं कल्चर दहापैकी साधारण सहाच टायफॉईड पकडतं. अस्थिमज्जेचं कल्चर त्याहून बरंच जास्त पकडतं, पण तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या हाडात सुई कोण घालणार? त्यात आपल्याकडं आणखी एक गाठ आहे. रुग्ण रुग्णालयात येतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि त्याआधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या किंवा सेफिक्झीमची पट्टी पोटात गेलेली असते. जिवाणू मरत नाहीत, फक्त बाटलीत वाढायचं नाकारतात. कल्चर 'वाढ नाही' म्हणून परत येतं आणि आकडेवारीत एक टायफॉईड कमी होतो.

दोन्ही तपासण्यांचं गणित एकदा शेजारी शेजारी मांडून पाहू. समजा, एका हंगामात तापाचे एक हजार रुग्ण आले आणि त्यांतल्या खरोखर ऐंशी जणांना टायफॉईड आहे. कल्चर शंभरातले साठ पकडतं असं धरलं तर अठ्ठेचाळीस सापडतील. विडाल खऱ्या रुग्णांपैकी पाऊणशे टक्के पकडते आणि टायफॉईड नसलेल्यांपैकी पंधरा टक्क्यांवर उगाच बोट ठेवते असं धरलं, तर साठ खरे आणि एकशे अडतीस खोटे, मिळून एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे कल्चरचं रजिस्टर म्हणणार पाच टक्क्यांच्या आत, विडालचं रजिस्टर म्हणणार वीस टक्के, आणि खरं आठ. हे आकडे कुठल्या रुग्णालयाचे नाहीत, समजुतीसाठी घेतलेले आहेत. पण त्यांतून निघणारा धडा कुठल्याही रुग्णालयाला लागू आहे: या हिशेबात विडाल पॉझिटिव्ह आलेल्या तिघांपैकी दोघांना टायफॉईड नाही. आणि कल्चर निगेटिव्ह आलेल्यांत बत्तीस जण असे आहेत ज्यांना तो आहे.

एवढ्यावर भागत नाही. शंभरात किती, म्हणताना ते शंभर कोण, हा दुसरा घोळ. कोल्हापूरचा थोरला दवाखानाच घ्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडी सीपीआर. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती, पण सीपीआरच्या केसपेपरवर पत्ते जिल्ह्यापुरते नसतात. गगनबावड्याच्या आणि फोंड्याच्या घाटातून सिंधुदुर्गाची माणसं वर येतात. निपाणी-चिकोडीकडून कर्नाटकातली येतात. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या कोप्यांतली येतात. यांतले पुष्कळजण आधी तालुक्याला दोन डॉक्टर करून, ताप हाताबाहेर गेल्यावर इथं आणलेले. साधा टायफॉईड गावातच गोळ्यांवर बरा झाला. इथं पोचला तो आतड्याला भोक पडलेला, गुंतागुंतीचा. शिवाय कोकणातून येणाऱ्या तापात लेप्टो असतो, पावसाळ्यात डेंगी असतो, स्क्रब टायफस असतो. डेंगीचं साल असलं की तापाचे रुग्ण दुप्पट होतात आणि टायफॉईडचे तेवढेच राहिले तरी त्याची टक्केवारी निम्म्यावर येते. पाणी सुधारलं म्हणून नव्हे. टक्केवारीच्या अशा उतारावर पाठ थोपटून घेतलेली मी पाहिली आहे.

या दवाखान्याच्या नावाशी टायफॉईडचं एक जुनं नातं आहे, ते जाता जाता सांगतो. सीपीआरचं मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या इंग्लंडच्या युवराजाचं हे नाव. त्याच्या चार वर्षं आधी, १८७१ च्या हिवाळ्यात, हाच युवराज टायफॉईडनं मरणाच्या दारातून परतला होता. स्कारबरोतल्या ज्या घरी तो पाहुणा म्हणून उतरला होता तिथल्या सांडपाण्याला दोष दिला गेला. त्याच घरी उतरलेला लॉर्ड चेस्टरफील्ड आणि युवराजाचा मोतद्दार दोघंही त्या तापानं गेले. त्याचे वडील आल्बर्ट दहा वर्षं आधी गेले तेही टायफॉईडनंच, असं डॉक्टरांनी तेव्हा जाहीर केलं होतं. गटारीच्या वाटेनं राजघराण्यात शिरलेला ताप विलायतेत पुढच्या पन्नास वर्षांत जवळपास नाहीसा झाला. औषध अजून यायचं होतं. नळ आणि गटार यांच्यात अंतर राखलं, एवढंच त्यांनी केलं.

आपल्याकडं ते अंतर कसं आहे? शहराच्या मधून वाहणारा जयंती नाला जुन्या माणसांच्या लेखी नदीच आहे, आणि त्याचं पाणी अडवून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडं उपसलं जात असलं तरी जोराचा पाऊस झाला की तो बांधावरून थेट पंचगंगेत जातो. खाली इचलकरंजी, शिरोळ, तेरवाडचा बंधारा. पंचगंगेच्या पाण्यानं काय होऊ शकतं हे इचलकरंजीनं २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीच्या साथीत पाहिलं. हजारो आजारी, अनेक मृत्यू. कावीळ आणि टायफॉईड हे वेगळे रोग, पण वाट एकच. टायफॉईडची अशी एकदम उसळी दिसत नाही. तो रोज थोडा थोडा येत राहतो, म्हणून मोर्चा निघत नाही.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापुरात पोचलं, तेव्हा शहरानं तो सण म्हणून साजरा केला, आणि ते योग्यच होतं. पण धरणापासून जलशुद्धीकरण केंद्रापर्यंतचा नळ नवा झाला तरी तिथून घरापर्यंतचा जुनाच आहे. चावीवाला चावी सोडतो तेवढा वेळ नळाला दाब असतो. पाणी गेलं की नळ रिकामा होतो आणि गळक्या जागेतून बाहेरचं आत ओढलं जातं. घरातलं कनेक्शन गटारीतून आडवं गेलेलं असतं. वर कुणी नळालाच मोटार जोडली की ओढ आणखी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली आणि पुराच्या पाण्यानं वेढलेल्या शहराला प्यायला टँकरची वाट पाहावी लागली. त्या दिवसांत पाणी शुद्ध करायला घरोघर वाटलेल्या मेडिक्लोरच्या छोट्या बाटल्यांनी किती ताप टाळले याची नोंद कुठंच होत नाही. न आलेला रुग्ण कुठल्या रजिस्टरात लिहिणार?

ग्रामीण भागात पाण्यावर नजर ठेवायची एक व्यवस्था आहे आणि ती कागदावर तरी चांगली आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात ब्लीचिंगची टीसीएल पावडर टाकतो, क्लोरीन उरलंय का हे पाहणारी ओटी टेस्ट करतो, पाण्याचे नमुने जातात, आणि स्रोतांच्या पाहणीवरून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. माझी तक्रार वेगळी आहे. कुठल्या गावाला लाल कार्ड आहे हे एका खात्याला माहीत असतं आणि त्या गावचे किती जण टायफॉईडनं दाखल झाले हे दुसऱ्याला. केसपेपरवर गावाचं नाव असतं, पिन कोडसुद्धा असतो. दोन याद्या एका टेबलावर ठेवायला लागेल ती एक दुपार.

देशात हा हिशेब नीट कसा करता येतो याचा नमुना अलीकडंच मिळाला. २०१७ ते २०२० या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुण्याजवळचा ग्रामीण भाग अशा चार ठिकाणी सुमारे २४ हजार मुलांवर घरोघरी लक्ष ठेवलं गेलं. ताप आला की रक्ताचं कल्चर. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिन्ही शहरी ठिकाणी एक लाख मुलांमागं वर्षाला ५७६ ते ११७३ जणांना टायफॉईड. पुण्याच्या ग्रामीण भागात फक्त ३५. ही तफावत पाहून मी प्रथम चकित झालो, नंतर नाही. दाट वस्ती, तुटपुंजी गटारं, ठरावीक वेळेचं पाणी यांची बेरीज शहरात होते. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग सहा ठिकाणच्या रुग्णालयांत झाला. त्यांतलं एक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं. तिथं नुसते दाखल रुग्ण मोजले नाहीत. आसपासच्या घरांत जाऊन विचारलं, तुमच्याकडं ताप आला तर तुम्ही याच रुग्णालयात येता का? दहातले तीनच येत असतील तर रुग्णालयातला आकडा त्या प्रमाणात वाढवायला हवा. तसं करून मुलांमधलं प्रमाण ठिकाणागणिक लाखामागं १२ पासून १६२२ पर्यंत निघालं. देशाची सरासरी काढून कोल्हापूरला लावणाऱ्यानं हे दोन आकडे पुन्हा एकदा वाचावेत. कोल्हापूर यांत कुठं बसतं हे कोल्हापुरातच मोजावं लागेल.

चारही ठिकाणांच्या मुलांत मिळून २९९ टायफॉईड आणि ३३ पॅराटायफॉईड सापडले. नऊला एक. पॅराटायफॉईडबद्दल आपल्याकडं एक सरसकट समज आहे की तो टायफॉईडचा सौम्य धाकटा भाऊ. खाटेवरच्या रुग्णाकडं पाहून दोघांत फरक करता येत नाही. तोच चढता ताप, तीच पांढरी पडलेली जीभ, तेच पोट. विडालच्या चार नळ्यांत पॅराटायफीच्या नळ्या असतात, पण त्यांतली ब ची नळी आपल्याकडं बहुतेक शोभेला, आणि अ च्या नळीवर एकट्यानं विश्वास ठेवावा इतकी ती भरवशाची नाही. कल्चर केलं नाही तर पॅराटायफॉईड नोंदीत येतच नाही. टायफॉईडच्या खात्यावर जमा होतो. आणि औषधांचा मार सारखाच, म्हणून डॉक्टरलाही फिकीर नसते. ती फिकीर का करायची याचं कारण लस.

टायफॉईडची नवी संयुग्म लस हैदराबादेत तयार झाली आणि २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ती मोफत मोहीम म्हणून राबवली. एका मोहिमेत लाखावर मुलांना लस. सरकारी पातळीवर ही लस देणारं जगातलं ते पहिलंच ठिकाण, आणि ते महाराष्ट्रात होतं हे आपल्याला फारसं माहीतही नाही. मोहिमेबरोबर तिथल्या रुग्णालयांत कल्चरची पाळत ठेवली होती, म्हणून लशीचा उपयोग किती झाला हे नंतर सांगता आलं. लस टायफीच्या अंगावरच्या व्हीआय नावाच्या आवरणाविरुद्ध आहे. पॅराटायफी अ ला ते आवरणच नाही. उद्या कोल्हापुरात लस आली आणि टायफॉईड कमी झाला, तर राहिलेल्यात पॅराटायफॉईडचा वाटा वाढलेला दिसेल, आणि ज्यांनी आधी तो वेगळा मोजलेला नसेल ते म्हणतील, लस चालत नाही.

औषधांचंही तसंच. क्लोरॅम्फेनिकॉलनं पंचवीस वर्षं राज्य केलं. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्या केरळातल्या कोळिकोड इथं त्याला न जुमानणाऱ्या टायफीच्या साथी आल्या. मग ॲम्पिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल. ऐंशीच्या दशकाअखेर तिन्हीला दाद न देणारे जिवाणू. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, आणि तेही आता बहुतेक ठिकाणी बोथट झालं. आज भार आहे सेफ्ट्रियाक्झोन आणि अझिथ्रोमायसिनवर. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून सेफ्ट्रियाक्झोनलाही न ऐकणारा टायफी पसरला. गंमत अशी की जुनं क्लोरॅम्फेनिकॉल आपल्याकडं पुष्कळ जिवाणूंवर पुन्हा चालू लागलं आहे, पण ते कुणी लिहीत नाही. कुठलं चालतं आणि कुठलं नाही हे फक्त कल्चरची बाटली सांगते. विडालच्या गुठळीला औषधांचं काही कळत नाही.

तेव्हा पुढचे तक्ते वाचताना वाचकानं काही गोष्टींकडं आधी पाहावं अशी विनंती आहे. रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतलं, किती घेतलं, आधी गोळ्या झाल्या होत्या का, आणि ज्यांचं कल्चर केलं ते तापाचे सगळे रुग्ण होते की डॉक्टरला आधीच टायफॉईड वाटलेले निवडक? हे रकाने ज्या नोंदवहीत नाहीत तिथली टक्केवारी छापायलाच नको होती, असं माझं मत आहे; ते जरा कडक वाटेल, पण मी त्यावर कायम आहे.

एक रकाना तर जवळपास कुठंच सापडत नाही. बरे झालेल्या शंभरांतले एक ते पाच जण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ विष्ठेतून जिवाणू टाकत राहतात. बहुधा पित्ताशयात खडे असलेले, बऱ्याचदा मध्यमवयीन बाया, अंगात ताप नाही, तक्रार नाही. त्यांतली एखादी मेसमध्ये पोळ्या लाटत असेल, एखादा आचारी लग्नसराईत पाचशे पानं वाढत असेल. औषध संपल्यावर काही आठवड्यांनी विष्ठेचं कल्चर करावं, निदान स्वयंपाकाचं काम करणाऱ्यांचं तरी करावं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. केसपेपरवर मात्र शेवटचा शेरा 'ताप नाही, डिस्चार्ज' एवढाच असतो. रुग्ण काय काम करतो हे दाखल होताना विचारून वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, 'घरकाम' किंवा 'मजुरी', आणि त्यापुढं कुणी विचारत नाही.